महिनाभर आधी आलेले पाहुणे

सकाळी साडेनऊला कक्षाचं कुलूप काढत होते, तर दाराशी एक गृहस्थ उभे. सत्तरीच्या पुढचे, पाठीवर जुनी सॅक, पायाशी चाकांची बॅग आणि काखेत पुठ्ठ्याची लांब नळी. "माझं व्याख्यान अकराला आहे ना? म्हटलं, जरा लवकर यावं."

त्यांना आत बसवलं, नाव विचारलं आणि संगणकावर त्या दिवसाचं पान उघडलं. ४ मार्च. मुख्य सभागृह : नाट्यमंडळ, सकाळी नऊ ते रात्री नऊ, नेपथ्य उभारणी. लहान सभागृह : दुरुस्तीसाठी बंद. व्याख्यानाचा पत्ता नाही. मग त्यांचं नाव घालून शोधलं. लगेच सापडलं. ३ एप्रिल, सकाळी अकरा, मुख्य सभागृह.

पोटात गोळा आला. माणूस दोन विमानं बदलून आला होता.

विद्यापीठाच्या कार्यक्रम कक्षात मला आठ वर्षं झाली. बाहेरच्यांना वाटतं, वसंत सत्र म्हणजे हिरवळीवर गाणी आणि व्याख्यानं. आमच्यासाठी ते सहा-सात आठवड्यांत वर्षभराचं सामान कोंबणं असतं. सत्र नीट सुरू व्हायला वेळ लागतो, पुढे परीक्षा उभ्या असतात, म्हणून जो तो विभाग मधल्याच फटीत घुसतो. ८ मार्चचा महिला दिन, २२ मार्चचा जल दिन, २७ मार्चचा रंगभूमी दिन, २२ एप्रिलचा वसुंधरा दिन, २३ एप्रिलचा पुस्तक दिन. यातल्या वसुंधरा दिनाची तर तारीखच विद्यापीठांकडे बघून ठरली. १९७० साली अमेरिकेत तो पहिल्यांदा झाला, तेव्हा वसंतातली सुट्टी आणि सत्राअखेरची परीक्षा यांच्या मधोमध पडेल, जास्तीत जास्त विद्यार्थी येतील, असा दिवस त्यांनी शोधला. हा हिशोब करणाऱ्याबद्दल मला आदर आहे. सभागृह कुणी बुक केलं असेल, तेवढं माहीत नाही.

तर, पाहुणे. त्यांनी खिशातून चार घड्या घातलेलं पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं. आमचंच लेटरहेड. "दिनांक : ०४/०३. वेळ : ११.००." खाली माझीच सही.

"चौथा मार्च," ते म्हणाले. आणि मग, मी काही बोलायच्या आत, त्यांची नजर माझ्या पाठीमागच्या फलकावर गेली. गणित विभागाचं पोस्टर होतं, भलंमोठं π (पाय) चिन्ह आणि खाली '३/१४'. ते बराच वेळ त्याकडे बघत राहिले. "अच्छा," ते म्हणाले, "इथे महिना आधी लिहितात."

पाय दिन हा खरं तर महिना आधी लिहिणाऱ्यांचाच सण. १९८८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयात तो सुरू झाला, कारण तिकडच्या पद्धतीने १४ मार्च म्हणजे ३/१४, अर्थात ३.१४, पायची किंमत. दिवस आधी लिहिणाऱ्यांना १४/३ मध्ये पाय दिसतच नाही. ते फार तर २२/७ धरून जुलैपर्यंत थांबतात. त्याच १९८८ साली आयएसओ ८६०१ हे तारखा लिहायचं आंतरराष्ट्रीय मानकही आलं, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे असले घोळ होऊ नयेत. त्यातलं आमच्या कक्षापर्यंत फक्त पोस्टर पोहोचलं होतं.

आणि दोष कुणाचा? माझा. जानेवारीपर्यंत निमंत्रणं मी हाताने टाइप करायचे, "३ एप्रिल" असं अक्षरी महिन्यानं, वारासकट. मग नवी बुकिंग प्रणाली आली, पत्रं आपोआप निघायला लागली. पहिल्या दिवशी तिने तारीख कशी लिहू म्हणून विचारलं होतं. आधीपासून जे निवडलेलं होतं त्यावर मी 'पुढे' दाबलं. घाई होती, असं म्हणायला हवं, पण घाईसुद्धा नव्हती. कंटाळा होता. नुसता वार जरी छापला असता तरी त्यांना शंका आली असती.

आमच्या वरिष्ठ मॅडमना फोन लावला. त्या क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, "चूक कुणाची ते संध्याकाळी बघू. व्याख्यान आज घ्या. कुठेही घ्या."

कुठेही म्हणजे मुख्य सभागृहच, कारण उरलेल्या खोल्यांत वर्ग चालू. मी धावतच गेले. स्टेजवर सात-आठ मुलं, लेव्हल्स, म्हणजे लाकडी उंचवटे, लावून झालेल्या, फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या खोट्या भिंती, अर्धे उभे, आणि मधोमध एक झाड. लाकडी सांगाड्यावर कापड ताणून रंगवलेलं, माणसाच्या दुप्पट उंच. रंगभूमी दिनाचा प्रयोग त्याच झाडाखाली घडणार होता. दिग्दर्शक म्हणजे तिसऱ्या वर्षाची मुलगी. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "मॅडम, आम्ही हा दिवस डिसेंबरमध्ये मागितला होता." खरंच होतं. अर्ज मीच मंजूर केला होता. दुसऱ्यासाठी तिच्याकडे तास मागायचा मला काडीचा अधिकार नव्हता.

तोडगा हॉलच्या केअरटेकर काकांनी काढला. या काकांना सगळ्या पंख्यांचे आवाज वेगवेगळे ओळखू येतात. ते म्हणाले, "पोरांना जेवायला सुट्टी लागेलच की. बारा ते एक बाईंना द्या. मी रात्री दहापर्यंत हॉल उघडा ठेवतो." मुलीने मान हलवली. एकच अट, सेट हलवायचा नाही.

सेट न हलवणं म्हणजे पांढरा पडदा झाकलेला, म्हणजे प्रोजेक्टर बाद. हे पाहुण्यांना सांगताना माझा घसा कोरडा पडला होता. त्यांनी पुठ्ठ्याची नळी थोपटली. "मला फक्त टाचण्या द्या."

श्रोत्यांचं काय? जिथे जिथे नंबर होता तिथे तिथे व्हॉट्सॲपवर टाकलं, वनस्पतिशास्त्राच्या सरांच्या हातापाया पडले, ते दुसऱ्या वर्षाचा अख्खा वर्ग घेऊन आले. ग्रंथालयातून काही जण, दोन सुरक्षारक्षक, आणि जेवायला न गेलेली नाटकवाली मुलं. मोजून एकोणसाठ डोकी. इतर व्याख्यानांना महिनाभर जाहिरात करून एवढी जमत नाहीत, हेही इथे नोंदवून ठेवते.

पाहुणे स्टेजवर चढले आणि माईककडे न जाता थेट त्या झाडापाशी गेले. चष्मा वर करून फांदी बघितली. "कोणी रंगवलं?" मागून एका मुलीने ब्रशसकट हात वर केला. "सुंदर आहे. पण याला एकाच फांदीवर कळी आहे, फूल आहे आणि पिकलेलं फळही आहे. याला नेमका कुठला महिना चालू आहे, हे बहुतेक त्यालाच कळेना झालंय." सभागृह हसलं. मला घाम फुटला. मला वाटलं, आता माझ्या पत्राचा विषय निघतो. निघाला नाही.

नळीतून त्यांनी आलेखाच्या कागदाची गुंडाळी काढली आणि दोन फ्लॅटवर मिळून टाचली. घरासमोरच्या एका झाडाला दर वर्षी पहिलं पान कधी फुटलं, त्याच्या एकतीस वर्षांच्या नोंदी. सगळ्या हाताने केलेल्या, शाईचा रंग दर काही वर्षांनी बदललेला. एका जागी ठिपक्याऐवजी प्रश्नचिन्ह होतं. "त्या वर्षी मी इस्पितळात होतो," ते म्हणाले. "शेजारीण म्हणते दहा तारीख. पण मी बघितलं नाही ते मी मांडत नाही."

विषय होता फेनॉलॉजी, म्हणजे झाडं, पक्षी, कीटक यांच्या वार्षिक वेळा टिपण्याचं शास्त्र. जपानमधल्या क्योटोत चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासून सापडतात, आधी दरबाऱ्यांच्या आणि भिक्षूंच्या रोजनिशांतून. आणि तिथे २०२१ साली पूर्ण बहर २६ मार्चला आला, तोवरच्या बाराशे वर्षांतला सगळ्यात लवकरचा. रॉबर्ट मार्शम नावाच्या इंग्रज जमीनदाराने १७३६ पासून वसंताच्या खुणा लिहून ठेवायला घेतल्या. पहिलं पान, पहिलं फुलपाखरू, बेडकांची पहिली डरावडराव.

मग ते एका छोट्या काळ्या-पांढऱ्या माशीमार पक्ष्यावर आले. हिवाळा पश्चिम आफ्रिकेत काढतो, वसंतात युरोपात जाऊन घरटं करतो. निघायचं कधी, हे तो दिवसाच्या लांबीवरून ठरवतो, आणि दिवसाची लांबी तर दर वर्षी त्या तारखेला तेवढीच. पण तिकडे युरोपात ओकची पालवी आणि पालवीवरच्या अळ्या उबेचं ऐकतात. ऊब लवकर यायला लागली, अळ्या लवकर व्हायला लागल्या. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं, की हे पक्षी अंडी आधी घालू लागलेत, पण निघायची वेळ त्यांना तेवढी अलीकडे ओढता येत नाही. पिल्लं तोंड उघडतात तेव्हा अळ्यांचा भर ओसरत आलेला असतो.

"पक्ष्याचं काही चुकत नाही," ते म्हणाले. "तो त्याच्या पत्रावरच्या तारखेला येतो." आणि माझ्याकडे न बघता पाणी प्यायले. ज्यांना सकाळचा प्रकार कळला होता ते मोठ्याने हसले. मी नाही हसले.

एकला पाच कमी असताना त्यांनी टाचण्या एकेक करून काढल्या, मोजल्या आणि मला परत दिल्या.

दुपारभर मी पाठवलेली पत्रं चाळत बसले. तारीख बाराच्या पुढची असेल तर गोंधळ होत नाही, कारण तेरावा महिना नसतो. उरल्या बारा गुणिले बारा, १४४. त्यातून १/१, २/२ अशा बारा वजा. वर्षातले १३२ दिवस उलटसुलट वाचता येतात. आमच्या गठ्ठ्यात अशी सहा पत्रं निघाली. १२ एप्रिलला, म्हणजे १९६१ साली गागारिन अवकाशात गेला त्या तारखेला, खगोल मंडळाचं आकाशदर्शन होतं. त्यासाठी दुर्बीण घेऊन येणाऱ्या बाईंनी डायरीत ४ डिसेंबर लिहिलं होतं. "तुमचं नियोजन फारच आधी असतं, असं मी घरी कौतुकाने सांगितलं," त्या म्हणाल्या. ७ एप्रिलच्या जागतिक आरोग्य दिनासाठी बोलावलेले डॉक्टर ४ जुलैला येणार होते.

संध्याकाळी मॅडमनी खरंच बघितलं. जे ऐकायचं ते ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं, आता सगळीकडे आयएसओ लावा. मी म्हटलं, यंत्राला लावू, माणसाला महिन्याचं नाव आणि वार. यावर आमचं अजून एकमत नाही. पत्रं मात्र मी म्हणते तशी जातात.

२७ मार्चच्या प्रयोगाला मी गेले होते. झाडावर नुसत्या कळ्या होत्या. फुलं, फळं सगळी तपकिरी रंगाखाली गेलेली.

आणि ३ एप्रिलला, पोस्टरं महिनाभर लागलेली असल्यामुळे, माणसं आलीच. साउंडवाल्या मुलाने ४ मार्चला सवयीने रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतं, तेच लावलं. रिकामं स्टेज, मध्ये एक स्पीकर. सुरुवातीची दोन मिनिटं पाहुण्यांच्या आवाजामागे विंगेतून खिळे ठोकल्याचा आवाज येत राहतो. दुसऱ्या रांगेतल्या एका आजोबांनी मागे वळून काकांना दटावलं, "अहो, ते ठोकणं बंद करायला सांगा ना जरा." काका उठून विंगेत जाऊन आले. तोवर आवाज थांबलाच होता. आजोबांनी त्यांना मान लववून आभार मानले.