तुम्ही विचारलंत म्हणून: गेममधला ब्रेक

"गाड्यांच्या गेममधला ब्रेक खरा असतो का?" लग्नाच्या पंगतीत विचारतात, रसवंतीवर विचारतात. विचारणारा माझ्या वयाचा असेल तर त्याला "नाही हो, पोरखेळ आहे" एवढंच ऐकायचं असतं. कॉलेजातला असेल तर "सेम टू सेम" हवं असतं. दोघांनाही आजवर त्यांच्या मनासारखं सांगून वाटेला लावलं. आता एकदा नीट सांगतो, म्हणजे पुढच्या लग्नात शांतपणे जेवता येईल.

आधी सेटिंगचं बोलू, कारण तिथे माझी बाजू भक्कम आहे. मी बहुतेक वेळ असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने खेळतो. २०१९ चा गेम, त्यात जीटी३ गटातल्या रेसच्या गाड्या. ब्रेकचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांत कसा वाटायचा ते ठरवता येतं (याला बायस म्हणतात), ब्रेक पॅडचे प्रकार बदलता येतात, ब्रेकला वारा किती लागू द्यायचा तेही. बायस मागे सरकवला की ब्रेक धरून वळणात शिरताना गाडीची मागची बाजू सुटते. फार पुढे नेला की स्टीअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते. ब्रेक लागला की वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात, म्हणून हे होतं. धुळ्याच्या रस्त्यावरही तेच होतं. कांद्यासाठी पिकअपला जादा पाटा टाकून घेणाऱ्या कोणालाही विचारा, रिकाम्या गाडीला जोरात ब्रेक मारला की मागचं काय होतं. यात खोटं काय आहे?

आणि एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, चालू ठेवतो म्हणून मला हसणाऱ्यांसाठी: फॉर्म्युला वनमध्ये १९९४ पासून एबीएसला बंदी आहे, जीटी३ मध्ये नाही. त्या गाड्यांना तो खरोखरच असतो आणि ड्रायव्हर चालत्या गाडीत तो कमी-जास्त करतो. म्हणजे एबीएस बंद करून मर्दुमकी दाखवणारा तुमचा मित्रच खोटी गाडी चालवतोय. हे बोलून मला बरं वाटलं.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर यात नाही, हे मलाही कळतं. ते अडकलंय एका भाऊबीजेत.

आमचे आप्पा अर्धं आयुष्य आग्रा रोडवर ट्रक चालवत होते. एका टोकाला कसारा घाट, दुसऱ्या टोकाला बिजासन घाट, मध्ये आमचं धुळं. त्या दिवशी बहिणी, मेहुणे, भाचे सगळे जमले होते, आणि भाच्यांनी हट्ट धरला की आजोबांना माझ्या गेमच्या स्टीअरिंग-पेडलवर बसवा. आप्पा नको नको म्हणत बसले. मी मोन्झा लावलं, इटलीतला रेसचा ट्रॅक. सुरुवातीच्या लांब सरळ रस्त्यावर गाडी अडीचशेच्या वर जाते आणि पुढे एकदम अरुंद उजवं-डावं वळण येतं. मी म्हटलं, "आप्पा, तिथे जोरात दाबा." त्यांनी हलकं दाबलं. मग थोडं जास्त. मग सोडलं, परत दाबलं. गाडी वळण सोडून सरळ निघून गेली. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला पोरं खिदळायला लागली आणि मेहुणा म्हणाला, "आप्पा, इतकी वर्षं ट्रक उभा कसा केला हो तुम्ही?" बोलायचं म्हणून बोलला तो, वाईट माणूस नाही. आप्पाही हसले. "हाई गाडी थांबस नही रे भो," म्हणाले आणि उठले. चष्मा तिथेच टेबलावर राहिला. तो न्यायलाही ते परत त्या खोलीत आले नाहीत, आईला पाठवलं.

ते गेल्यावर मी वकिली सुरू केली. मेहुण्याला सांगितलं की दोष पेडलचा आहे. माझं पेडल साधं, ते किती खाली गेलं एवढंच मोजतं. लोड सेलचं महाग पेडल पाय किती जोराने दाबतोय ते मोजतं, खऱ्या ब्रेकच्या जवळ तेच जातं. शिवाय रेसच्या गाडीत वेग जास्त असताना हवा गाडीला रस्त्यावर दाबून धरते, म्हणून पहिला दणकाच पूर्ण जोराचा द्यायचा आणि वेग उतरेल तसा पाय हळूहळू उचलायचा. मालाच्या ट्रकला ही रीत चालत नाही. आप्पांचा पाय चुकला नव्हता, तो दुसऱ्या गाडीचा होता. मेहुण्याने सगळं ऐकून घेतलं आणि अनारसा उचलला.

रात्री ओट्यावर हेच आप्पांना सांगायला गेलो, तर त्यांनी माझा पहिलाच मुद्दा निकालात काढला. ट्रकच्या, हवेच्या दाबावर चालणाऱ्या, एअर ब्रेकचं पेडल हलकंच असतं, म्हणाले, त्याचं काय? "ब्रेक पायले नही, पाठले कळस." ब्रेक धरला की मागचा माल पुढे रेटतो, सीट सांगते, स्टीअरिंग हाताला ओढ देतं. डाव्या चाकाचा लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारी पट्टी, जास्त झिजलेला असला तर तेही कळतं. माझ्या गेममध्ये पुढचं-मागचं बदलता येतं, डावं-उजवं कायम सारखंच. सगळे लायनर नवे असल्यासारखे.

मग बिजासनचं निघालं. ज्या गिअरला चढवली त्याच गिअरला उतरवायची. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडणारे त्यांनी पुष्कळ पाहिले, काहींना शेवटचंच. उतारावर सारखा ब्रेक धरला की ड्रम तापून फुगतो, लायनरला त्याच्यापर्यंत पोचायला जास्त अंतर जावं लागतं, आणि घाबरून पुन्हा पुन्हा दाबलं की टाकीतली हवा उतरते. केबिनमध्ये हवेचा काटा असतो, पण ड्रम किती तापलाय हे सांगणारं काहीच नसतं. मला मात्र स्क्रीनवर चारही चाकांच्या ब्रेकचं तापमान अंशांत दिसतं. गेम खोटा कशाने, असं कोणी विचारलं तर मी हे पुढे करतो: तो फार जास्त सांगतो.

जुलै २०२३ मध्ये त्याच घाटाच्या पायथ्याशी, पळासनेरला, ब्रेक निकामी झालेला कंटेनर हॉटेलात घुसला. माणसं गेली. तेव्हापासून आप्पांसमोर मी 'ब्रेक पॉइंट' (वळणाआधी ब्रेक मारायची जागा) हा गेमवाल्यांचा शब्द उच्चारत नाही.

"त्यांना युरो ट्रक सिम्युलेटर दे की," असं सुचवणाऱ्यांनो, दिला. त्यात एअर ब्रेक आहे, शिवाय चाकांचे ब्रेक न वापरता वेग आवरणारे इंजिन ब्रेक आणि रिटार्डर आहेत. आप्पांनी दारातूनच पाहिलं. "घाट कोठे शे?" विचारलं आणि गेले.

मग मी इतका वेळ कशाची बाजू घेतोय? धुळ्यातल्या देवपूरच्या सायबर कॅफेत नीड फॉर स्पीड खेळणारा मी तावातावाने सांगायचो की यातूनच गाडी शिकता येते. त्या पोराला आज गप्प बसवावंसं वाटतं, पण पूर्ण गप्प बसवता येत नाही. टायरची पकड एकच असते आणि ती ब्रेकमध्ये आणि वळण्यात वाटून घ्यावी लागते, हे मला कोणत्याही ड्रायव्हिंग स्कूलने सांगितलं नाही. गेमने सांगितलं. पावसात कन्नड घाट उतरताना वळणाच्या आधीच, सरळ रस्त्यावर, ब्रेक उरकून घेण्याची सवय तिथूनच आली. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, हे शाळेच्या पुस्तकात होतं. पटलं मोन्झाच्या वाळूत. यावर आप्पा म्हणतील, वाळूत गेलेली गाडी बटण दाबून परत कोण देतं? याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि तरी मला माझा मुद्दा सोडवत नाही.

आता पोराला गाडी शिकवायची म्हणून गेमचं व्हील घेऊ का, असं विचारणाऱ्यांना: खेळायला घ्या. शिकवायला एखादा जुना ट्रकवाला शोधा, तो शेजारी बसेल असा. मी लोड सेलचं पेडल मागवलंय. आप्पा बसतील म्हणून नाही. बसले तर बायस थोडा पुढे ठेवीन, एवढंच ठरवलंय; मेहुण्याच्या मते मागे ठेवावा. त्यावर आमचं अजून भांडण चालू आहे.