संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत, दक्षिण सुदानातल्या मलाकालला निघालेल्या आपल्या तालुक्यातल्या पोरांसाठी

निफाडच्या काळ्या मातीत वाढलेल्याला चिखलाचं काय नवल, असं मीही म्हणायचो. दक्षिण सुदानातल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर आमची गाडी आसापर्यंत रुतली आणि ती काढता काढता अख्खी दुपार गेली. माती आपल्यासारखीच, काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी. पण रस्त्यावर खडी नाही आणि हाक मारायला शेजारचा ट्रॅक्टरवाला नाही. मे ते ऑक्टोबर हेच चालतं. म्हणून पेटीत मोजे जास्त घाला, जाड प्लास्टिकच्या पिशव्या घाला, आणि बोटांच्या बेचक्यात लावायची पावडर भरपूर घ्या. गोळीपेक्षा पायाच्या चिखल्यांनी आजारी पडलेले जवान मी जास्त पाहिले.

नाशिकरोडहून रेल्वेने दिल्ली, तिथली तयारी, मग विमानाने तिथली राजधानी जुबा, पुढे मलाकाल. पीतज्वराची लस निघण्याआधी किमान 10 दिवस घ्यावी लागते. तिचं कार्ड पासपोर्टासोबतच ठेवा, पेटीत नको. परत येताना ते नसलं तर विमानतळावरून थेट विलगीकरणात जाल.

हा देश 2011 साली स्वतंत्र झाला आणि 2013 च्या डिसेंबरात आपसातच पेटला. 2018 ला करार झाला खरा, पण मलाकालच्या छावणीत हजारो विस्थापित अजून तंबू-पत्र्यांत राहत होते. 2016 च्या फेब्रुवारीत त्याच छावणीवर हल्ला होऊन माणसं मारली गेली. म्हणून निळी टोपी घातली की सहल समजू नका. कोण कुठल्या जमातीचा, हे चुकूनही विचारू नका. फोटो तर विचारल्याशिवाय काढायचाच नाही; विमानतळ आणि त्यांचे सैनिक यांच्याकडे मोबाइल वळवायचासुद्धा नाही.

दिवस कसा जातो? पहाटे उठणं, पीटी, हत्यार साफ करणं, मग गस्त नाहीतर संत्री पोस्ट. वाळूच्या पोत्यांमागे तासन् तास समोरचं गवत बघत उभं राहायचं. बहुतेक वेळा काहीच होत नाही, आणि तेच अंगावर येतं. पोस्ट किती, कुठे, हे मी इथे लिहिणार नाही. तुम्हीही घरी फोनवर सांगू नका. जेवण आपलंच, लंगरात डाळ-भात-पोळी मिळते. घरचा काळा मसाला मात्र घट्ट डब्यात न्या. आमच्या सेक्शनमध्ये तो पगारासारखा वाटून घ्यावा लागला.

सगळ्यात लक्षात राहिलं ते गुरांचं शिबिर. आपल्या सैन्याचे पशुवैद्य तिथल्या जनावरांवर उपचार करतात. मी शेतकऱ्याचा पोरगा, म्हणून दोर धरायला मला उभं केलं. हातभर लांब शिंगांची ती गुरं बघून हात शिवशिवले. एका म्हाताऱ्याने दुभाष्याकरवी विचारलं, तुझ्याकडे गाई किती? म्हटलं, दोन. त्याने माझ्याकडे अशा काही दयेने पाहिलं! मग म्हणाला, "तुझं लग्न कसं झालं?" तिथे मुलीच्या घरी गाई द्याव्या लागतात. एकही न देता झालं, हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. हे घरी सांगितल्यापासून सासरे मलाच विचारतात, गाई कधी पाठवतोस.

घड्याळाचं गणित आधीच घरच्यांना समजावून ठेवा. तिथे आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे चालतं. तुमची रात्रीची ड्यूटी आठला सुटली तर इथे साडेअकरा वाजलेले असतात आणि आई झोपलेली. मी दुपारी दोनला करायचो. घरी साडेपाच, धारांची वेळ, भांड्याचा आवाज ऐकू यायचा. नेट सॅटेलाइटचं, पावसात जातं. दोन दिवस फोन आला नाही म्हणून कुणी युनिटला फोन लावू नये, हे निघण्याआधीच बजावा.

मलेरियाची गोळी चुकवू नका. तोंड कडू होतं, पोट बिघडतं, मग पोरं हळूच फेकून देतात. संध्याकाळ झाली की पूर्ण बाह्या आणि रात्री मच्छरदाणी. परतल्यावरही डॉक्टरने सांगितले तितके दिवस ती गोळी चालू ठेवा. मी सुट्टीवर आल्यावर तापाने फणफणलो, तर गावातल्या दवाखान्यात साधा व्हायरल म्हणून दोन दिवस गेले. चूक माझीच, आफ्रिकेतून आलोय हे मी सांगितलंच नव्हतं. तुम्ही दारातूनच सांगा आणि रक्त तपासायला लावा.