सबनॉटिकात पाण्याखाली श्वास घेण्याच्या जागा: वरपासून १४०० मीटरपर्यंत

आधी एक निराशा सांगून टाकतो. पाण्याखालच्या गुहेत वर डोकं काढलं की छताशी हवेचा कप्पा सापडेल, अशी अपेक्षा धरून सबनॉटिका या समुद्रात जगण्याच्या व्हिडिओ गेममध्ये उतरू नका. बेटांच्या पोटातल्या गुहा सोडल्या, तर ४५४६-बी या ग्रहावरच्या गुहा छतापर्यंत पाण्यानं भरलेल्या समजूनच चला. खाली हवा जिथे आहे तिथे ती कुणीतरी आणून ठेवलेली आहे. तुम्ही, नाहीतर तुमच्या फार आधी तिथे येऊन गेलेल्यांनी. हे पक्कं डोक्यात ठेवलं की सगळा प्रवास वेगळ्या पद्धतीनं आखला जातो. मी या वेळी हाच खेळ केला: लाइफपॉडपासून (सुरुवातीची बचावनौका) लाव्हापर्यंत जिथे जिथे श्वास घेता येतो, तिथे तिथे थांबत खाली गेलो.

हिशेब साधा आहे. टाकी नसताना ४५ सेकंद. साधी टाकी आणखी ३० देते, मोठी ९०, सगळ्यात मोठी १८०. म्हणजे जास्तीत जास्त २२५ सेकंद, पावणेचार मिनिटं. पण १०० मीटरच्या खाली प्राणवायू संपण्याचा वेग वाढतो आणि २०० च्या खाली आणखी वाढतो. रीब्रीदर घातला की ही वाढ थांबते, त्यामुळे मोठ्या टाकीच्या आधी रीब्रीदर करा, असं माझं ठाम मत. बरेच जण उलटं करतात आणि मग मोठी टाकीसुद्धा खोलवर कशी पुरत नाही म्हणून चडफडतात.

सेफ शॅलोज या सुरुवातीच्या उथळ भागात काळजी नाही. ब्रेन कोरल ठरावीक वेळानं बुडबुडे सोडतं, बुडबुड्याला अंग लावलं की थोडा प्राणवायू मिळतो. उथळ बोगद्यांमध्ये हे पुरतं, क्रॅशफिश अंगावर फुटला नाही म्हणजे झालं. तरंगता पंप आणि पाइप जोडून हवा खाली नेण्याची सोयही आहे. एकदा गंमत म्हणून करून बघा. वळणावळणाच्या गुहेत पाइप बसवण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात दोन खेपा मारून होतात.

जेलीश्रूम केव्ह्जमध्ये मात्र मुक्काम करावा. जांभळा उजेड, भलेमोठे मशरूम आणि त्यांच्या आत दडून बसलेले, हल्ला करणारे क्रॅबस्नेक. साधारण अडीचशे मीटरवर डेगासी या आधी कोसळलेल्या जहाजाच्या लोकांचा जुना तळ आहे. तो बघितला की आसरा मिळाल्यासारखं वाटतं, पण आत पाणी भरलेलं आहे, श्वास तिथे मिळत नाही. त्याच्या भरवशावर टाकी रिकामी करत जाऊ नका. मी गुहेच्या तोंडापासून जवळ, क्रॅबस्नेकच्या मशरूमपासून दूर, एकच खोली आणि एक हॅच एवढाच तळ बांधला. सोलर पॅनल इतक्या खाली नावापुरतंच चालतं, म्हणून जैविक पदार्थांपासून वीज करणारा बायोरिअॅक्टर. ही गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही: खोली कोरडी असली तरी वीज गेली की प्राणवायू तयार होणं थांबतं, आणि कोरड्या फरशीवर उभं राहून गुदमरायची वेळ येते. काचा कमी ठेवा, मजबुतीची पॅनेल लावा. भिंत फुटून पाणी शिरलंच तर रिपेअर टूलनं भेग बुजवा, पाणी आपोआप उतरतं.

सीमॉथ ही छोटी पाणबुडी खोलीची सगळी मॉड्यूल लावूनही ९०० मीटरपुरतीच. तिथून पुढे प्रॉन सूट (आत बसून चालवायचं यांत्रिक कवच) किंवा सायक्लॉप्स (मोठी पाणबुडी). लॉस्ट रिव्हर या खोल गुहांमधल्या नदीत मी ब्लड केल्पच्या दरीतून शिरलो, कारण सायक्लॉप्स घेऊन जायला ती वाट मोकळी आहे. सायक्लॉप्स म्हणजे फिरती कोरडी गुहाच, तिचा तसाच वापर करा. लॉकरमध्ये पाणी, खाणं, जादा पॉवर सेल. घोस्ट लेव्हायथन या अजस्र शिकारी प्राण्याची पिल्लं फिरत असतात तिथे सायलेंट रनिंग (आवाज कमी करणारी सोय) लावा आणि दिवे बंद करा. नदीतल्या हिरव्या द्रवात उतरू नका, अंग भाजतं.

इथला खरा शत्रू माझ्या मते वॉर्पर. तो तुम्हाला वाहनातून ओढून थेट पाण्यात आणतो. वाहनात बसलं की टाकी भरते, म्हणून लोक तिच्याकडे बघायचं सोडून देतात आणि लहान टाकी पाठीवर ठेवूनच फिरतात. वॉर्परनं बाहेर काढल्यावर हातात असतात तेवढे सेकंद तुमचे. तेव्हा प्रॉनमध्ये बसलेले असतानाही सगळ्यात मोठी टाकी पाठीवर हवी.

ट्री कोव्ह ही लॉस्ट रिव्हरमधली सगळ्यात शांत जागा. मधोमध प्रचंड झाड, त्याला घोस्ट लेव्हायथनची अंडी, आणि आजूबाजूला कुणाला काही न करणारे घोस्ट रे. दुसरा तळ इथेच बांधा. लाव्हाच्या फेऱ्या एकाच दमात होत नाहीत; इथून जाणं-येणं करावं लागतं. परग्रहवासीयांची रोगसंशोधनाची इमारतही याच नदीत आहे, पण ती उद्ध्वस्त आणि पाण्यानं भरलेली. ऑरेंज टॅब्लेट (परग्रहवासीयांची किल्ली) लागतो. आत जाताना पोहण्याचाच हिशेब धरा.

लाव्हा झोनमध्ये शिरलं की कोरडी जागा म्हणजे काय चीज आहे ते कळतं. रीइन्फोर्स्ड सूट नसेल तर उष्णतेनंच जीव जातो. लाव्हा लार्व्हा सायक्लॉप्सला चिकटून वीज पितात. प्रॉनला थर्मल रिअॅक्टर लावला असेल तर ती उष्णता उलट कामाला येते. लाव्हा कॅसलच्या पोटात, साधारण १२०० मीटरवर, एलियन थर्मल प्लांट, म्हणजे परग्रहवासीयांचं वीजकेंद्र आहे. बाहेर सी ड्रॅगन या राक्षसी प्राण्याची गस्त, म्हणून प्रॉन दाराच्या अगदी जवळ लावा. आत पाऊल टाकलं आणि पोहणं थांबून पावलांचा आवाज सुरू झाला, तेव्हा मी खरोखर खुर्चीत मागे टेकलो. घाई करू नका. आयन बॅटरी, आयन पॉवर सेल आणि ब्लू टॅब्लेट यांची ब्लूप्रिंट इथेच मिळतात. निघण्याआधी सेव्ह करा, गेम आपणहून सेव्ह करत नाही. हार्डकोरमध्ये (एकदा मेलात की खेळ संपला) खेळत असाल तर प्राणवायूचा इशाराही मिळत नाही, त्यामुळे तिथे आकड्यावर नजर ठेवायची सवय वरच्या पाण्यातच लावून घ्या.

ब्लू टॅब्लेटला आयन क्यूब (परग्रहवासीयांचा ऊर्जेचा घन) आणि कायनाइट हे खनिज लागतं. कायनाइटचे मोठे साठे प्रॉनच्या ड्रिलनंच फुटतात. मी एकाऐवजी दोन टॅब्लेट करून नेले, तसंच करा. दारापाशी जाऊन एक कमी पडणं इतक्या खाली परवडत नाही. प्रॉनचं खोलीचं पहिलं मॉड्यूल १३०० मीटरपर्यंत नेतं, दुसरं १७०० पर्यंत, आणि त्या दुसऱ्यालाही कायनाइटच लागतं. सायक्लॉप्सनं जायचं तर १७०० साठी तिचं तिसरं मॉड्यूल हवं. म्हणजे आधी कायनाइट, मग लाव्हा लेक, हा क्रम चुकवता येत नाही. तळ्याच्या मध्यभागी, १४०० मीटरच्या आसपास, प्रायमरी कंटेनमेंट फॅसिलिटी ही परग्रहवासीयांची इमारत. आत प्रशस्त कोरडी दालनं आहेत. पुढचं काय आहे ते सांगत नाही, ते स्वतः बघण्यासारखंच आहे.

खऱ्या समुद्रात हे कसं असतं, हा प्रश्न खेळताना डोक्यात येतोच. फ्रान्समध्ये मार्सेजवळच्या कोस्केर गुहेचं तोंड समुद्रपातळीखाली ३७ मीटरवर आहे. तिथून वर चढत जाणारा लांब बोगदा पार केला की हवा असलेलं दालन लागतं आणि भिंतींवर अश्मयुगीन चित्रं दिसतात. हिमयुगात समुद्र खाली होता, तेव्हा माणसं तिथे चालत गेली होती. पण अशी हवा फसवीही असते. २०१७ मध्ये मायोर्का बेटावरच्या एका गुहेत अडकलेला पाणबुड्या हवेच्या दालनात सुमारे ६० तास राहिला. तिथल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्याचं डोकं दुखू लागलं, भास होऊ लागले. गेममधली बंद खोली मात्र कधीच शिळी होत नाही. दाबाचा तर विचारच नको: दर १० मीटरला साधारण एक वातावरण वाढतं, म्हणजे १४०० मीटरवर सुमारे १४० पट. १९८८ मध्ये हायड्रा-८ मोहिमेत हायड्रोजन मिसळलेला वायू श्वासात घेणारे पाणबुडे खुल्या समुद्रात ५३४ मीटरवर काम करून आले, आणि माणसासाठी तीसुद्धा अचाट गोष्ट. गेमनं हे सगळं बाजूला ठेवलं ते बरंच केलं, नाहीतर वर येताना डीकंप्रेशनच्या (दाब हळूहळू उतरवण्याच्या) थांब्यांवरच रात्र गेली असती.

ज्यांनी बिलो झीरो हा पुढचा गेम घेतला आहे त्यांना वाट सोपी वाटेल. तिथे गुहांमध्ये ऑक्सिजन प्लांट असतात आणि सँक्च्युअरी झीरो ही परग्रहवासीयांची जागा सुरुवातीलाच कोरडं दालन दाखवतं. पण एक भरवशाचं झाड सापडलं म्हणून पुढच्या बोगद्यातही सापडेलच असं धरू नका. परतीचा अर्धा प्राणवायू हातात असतानाच वळा.

परतीबद्दल शेवटचं. फॅसिलिटीतल्या कमानी आयन क्यूबनं चालू होतात आणि बऱ्याच दूरच्या जागी नेऊन सोडतात. म्हणून दोन-तीन क्यूब जास्त ठेवा. मात्र तुमची प्रॉन आणि सायक्लॉप्स मागे लाव्हातच राहते. वर निघून गेलात तर तिला आणायला तीच वाट पुन्हा उतरावी लागेल, तेव्हा तिथे बीकन (जागा दाखवणारं उपकरण) टाकूनच कमानीत पाऊल ठेवा.