माळाचा प्रकार : ५/डीएस४

ऑक्टोबरचा पहिला आठवडा. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचा, वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस पडणारा माळ. वृक्षारोपणाआधी तिथल्या वनस्पतींची यादी करून द्यायची होती. पोचलो तेव्हा खड्ड्यांसाठी फक्कीची वर्तुळं मारूनही झाली होती, दर तीन मीटरवर एक. खड्डे आधी ठरतात आणि यादी मागाहून मागवतात. हे नेहमीचंच आहे, आणि चुकीचं आहे.

गवताच्या पाहणीला हाच महिना लागतो. ऑगस्टात सगळं हिरवंगार असतं पण तुरे नसतात, डिसेंबरात तुरे झडून गेलेले असतात. मोजणीची चौकट एक मीटर बाय एक मीटरची, वायरिंगच्या पीव्हीसी पाइपची. तीनच बाजू जोडायच्या आणि चौथी मोकळी ठेवायची, म्हणजे बोरीच्या जाळीखाली ती सरकवता येते. ५० मीटरची टेप ताणून दर १० मीटरला चौकट टाकायची. ती जिथे पडेल तिथेच मोजायचं. ‘इथे छान दिसतंय’ म्हणून हातभर सरकवली की आकडे बिघडले.

मेंढरांनी तुरा खाल्लेला असेल तर बुंध्यावर यावं लागतं. मारवेलच्या पेराभोवती पांढऱ्या केसांचं कडं असतं. रोशाचं पान चुरगळलं की वासानेच कळतं. कुसळीचा कोंब बुडाशी चपटा असतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, गवत ओढून बघायचं. दोन बोटांनी मुळासकट हातात आलं तर ते एका पावसाळ्याचं. हललंच नाही आणि बुडाशी मागच्या वर्षीच्या वाळक्या आवरणांचा झुपका असला, तर ते बहुवर्षायू. ही एवढी साधी खूण, पण सर्वेक्षणाच्या कित्येक अहवालांत तिची नोंदच नसते. नुसतं ‘गवत’ लिहून मोकळे होतात.

दुपारपर्यंत टेपच्या सहा रेषा झाल्या आणि तक्ता दोन भागांत फुटलेला दिसला. ओढ्याच्या अलीकडे कुसळी, मारवेल, शेडा, डोंगरी, सगळी घट्ट बुडाची. पलीकडे मात्र एका हंगामाचं बारीक कुसळांचं गवत, तरवडाची झुडपं आणि मधे उघडी माती. लांबून दोन्ही बाजू सारख्याच पिवळ्या दिसतात, उपग्रहाच्या चित्रातही सारख्याच दिसतील. मेंढरं घेऊन आलेल्या धनगर आजोबांना विचारलं. “पल्याड बाजरी पेरायचे. माज्या लग्नाआधी सोडलं त्यांनी,” ते म्हणाले. म्हणजे नांगर थांबून निदान चाळीस वर्षं झाली असणार, आणि तरीही ओढा ओलांडून जुनं गवत तिकडे गेलेलं नाही.

कुसळीचं बी आजोबांच्याच घोंगडीत अडकलं होतं. ते तळहातावर ठेवून पाण्याचा थेंब टाकला. काळपट कुसळाचा पीळ उलगडायला लागला आणि टोकदार बूड हळूहळू फिरलं. दव आणि ऊन यांच्या फेऱ्यांत असंच वळत-उलगडत ते बी मातीत शिरतं.

अलीकडच्या भागात चार चौकटींत खर्पुडी ही कंदाची रानवनस्पती सापडली. नळीसारखं फूल, आत खाली वळलेले केस. त्यात चिलटासारखी माशी अडकते आणि केस सुकले की परागकण घेऊन सुटते. कंद वीतभर खाली असतो. पाणी अडवायचे समतल चर ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल खणतात, म्हणजे हा कंद नेमका त्याच्या वाटेत येतो.

आता फॉर्म. ‘वनप्रकार’ असा रकाना, त्यात चॅम्पियन आणि सेठ यांच्या १९६८च्या भारतीय वनांच्या वर्गीकरणातला कोड लिहायचा. कोरड्या गवताळ भागाचा कोड आहे ५/डीएस४. ५ म्हणजे कोरडी पानझडी वनं, आणि डीएस म्हणजे अवनत अवस्था. याचा अर्थ कोडच सांगतो, की हे मुळात जंगल होतं आणि ते बिघडलं. परिसंस्थाशास्त्रज्ञ व्हिटेकरने पाऊस आणि तापमान यांवरून बायोम, म्हणजे जंगल, गवताळ प्रदेश, वाळवंट असे मोठे पट्टे मांडले, तेव्हा त्यानेही मधला एक पट्टा वेगळा दाखवला होता. तिथे गवताळ प्रदेश राहील की जंगल होईल, हे नुसत्या हवामानावरून ठरत नाही; आग, चराई, मातीही ठरवतात. आपला माळ असाच सॅव्हाना, म्हणजे विरळ झाडांचा गवताळ प्रदेश आहे. तो बिघडलेलं जंगल नाही. बिघडलेला माळ कसा असतो ते ओढ्यापलीकडे दिसतच होतं, आणि तिथेही झाडं आली नव्हती.

मी रकान्यात ५/डीएस४ लिहिलं, कारण दुसरा कोड नाही. शेऱ्यात दोन्ही बाजूंचे आकडे दिले. अलीकडे एकही खड्डा किंवा चर घेऊ नये, लावायचंच असेल तर पलीकडे, तेही हिवर-बोरीसारखं विरळ आणि मारवेलचं बी टाकून, असं स्पष्ट लिहिलं. वनरक्षकाने मन लावून वाचलं. त्याला पटलंही होतं. संध्याकाळी तो म्हणाला, “सर, संगणकात कोड जातो. शेऱ्याला तिथे जागाच नाही.”

रकाना कोरा ठेवला असता तर फाईल परत आली असती. आणि परत आली असती, तर तो कोरा का ठेवला हे निदान कुणीतरी विचारलं असतं.