तुम्ही विचारलंत म्हणून: भरतीचं की सुकतीचं?

लग्नात, हळदीकुंकवाला, विरार लोकलच्या दारात आणि व्याख्यान संपल्यावर चहाच्या टेबलाशी तर हमखास. "ते सगळं जाऊ दे गं, एका वाक्यात सांग. २०५० साली मुंबई बुडणार की नाही?" मागच्या महिन्यात एका काकांनी पुढे जोडलं, "म्हणजे वरळीचा फ्लॅट आत्ताच काढायचा का ते ठरवता येईल." मी विचारलं, काका, कितव्या मजल्यावर आहे? ते रागावले. आता तुम्हीही विचारलंत, वर "तू दर वेळी उत्तर टाळतेस" असंही म्हणालात. म्हणून एकदा लिहून टाकते.

मी टाळत नाही. बरं, टाळते. पण एके काळी हेच उत्तर मी एका वाक्यात देत होते आणि ते फार चांगलं जमायचं.

२०१९ मधलं सगळं तुम्हाला ठाऊक आहे: फलक, मोर्चे, ऑक्टोबरमधली आरेच्या झाडतोडीची ती रात्र, नंतर कॉलेजाकॉलेजांत झालेले 'क्लायमेट डे'. त्यात शिरत नाही. त्याच ऑक्टोबरच्या शेवटी 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये एक शोधनिबंध आला आणि त्यावर बेतलेला मुंबईचा नकाशा दोन दिवसांत प्रत्येकाच्या मोबाइलवर पोचला. २०५० सालचा. अर्धं शहर पाण्याखाली. मी तो माझ्या हवामान बदलावरच्या व्याख्यानाच्या स्लाइडवर घेतला आणि त्यातला निळा रंग आणखी गडद केला. हे कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या स्लाइडवर हॉलमध्ये शांतता पसरायची. आधीच्या कर्बच्या आलेखांवर लोक मोबाइल बघत बसायचे, निळी मुंबई आली की माना वर व्हायच्या. मला वाटायचं, ह्यालाच विज्ञान पोचवणं म्हणतात.

जानेवारी २०२० मध्ये वर्गातली एक मैत्रीण म्हणाली, आमच्या कोळीवाड्यात ये, मी लोक जमवते. कोळीवाड्याचं नाव लिहीत नाही. संध्याकाळी सातला समाजमंदिराच्या हॉलमध्ये साठेक माणसं आली. पुढे सतरंजीवर बायका, त्यांत तिची आत्या. मागे खुर्च्यांवर पुरुष. प्रोजेक्टर आम्ही कॉलेजातून आणला होता आणि पडदा म्हणून कुणाची तरी पांढरी चादर लावली होती. मी हरितगृह वायूंवर वीस मिनिटं बोलले. "हवामान बदल" म्हटल्यावर एक आजी म्हणाल्या, "हवामान तर रोजच बदलतं की." सगळे हसले, मीही हसले आणि पुढे गेले. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. रोजच्या हवेला आणि तीस वर्षांच्या सरासरीला आपण एकच शब्द वापरतो, आणि सरकारी "वातावरणीय बदल" ऐकलं की घरात भांडण झाल्यासारखं वाटतं. पण मला निळ्या स्लाइडची घाई होती.

स्लाइड आली. शांतता पसरली, नेहमीसारखी. मग मागून आत्याचे यजमान उठले. त्यांना सगळे मामा म्हणत. चादरीजवळ आले, कोळीवाडा कुठे ते बोटाने शोधलं आणि विचारलं, "पोरी, ह्यो निळा हाय तो भरतीचा का सुकतीचा?"

सुकती म्हणजे ओहोटी. मला तो शब्दच माहीत नव्हता. मी हिंदमाताच्या कडेला वाढलेली, दर जुलैत गुडघाभर पाण्यातून शाळेत गेलेली, पण ते पाणी माझ्यासाठी पावसाचं होतं. मैत्रिणीने हळूच अर्थ सांगितला. तरीही उत्तर येईना, कारण तो निबंध मी वाचलाच नव्हता. नकाशा पाहिला होता.

तिथे "माहीत नाही, बघून सांगते" म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "कायमचं."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे सुकतीलाबी उतरनार नाय?" मी म्हटलं, "नाही." कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. दोन बायका उठून गेल्या. एक तरुण म्हणाला, "इथून उठा, असं आम्हाला कधीपासून सांगतायत. आता कॉलेजवाले पण आले."

घरी येऊन रात्री निबंध वाचला. मामांचा प्रश्नच त्या नकाशाचा गाभा होता. नकाशा होता भरतीच्या रेषेचा: २०५० मध्ये जी जमीन भरतीच्या पातळीखाली असेल ती निळी. सुकतीला पाणी उतरतं. शिवाय बांध, भिंती, पंप त्यात धरलेले नव्हते. नवीन होती ती जमिनीची उंची. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातल्या रडारने ती मोजली तेव्हा दाट वस्तीत छपरं आणि झाडांचे शेंडेच जमीन म्हणून मोजले गेले होते. या अभ्यासाने ती चूक संगणकाकडून कमी करून घेतली आणि जमीन खाली आली. समुद्र एका रात्रीत वर चढला नव्हता. आपण उभे होतो त्यापेक्षा खाली होतो, एवढंच आधी नीट कळलं नव्हतं. ही गोष्ट माझ्या "कायमचं"पेक्षा कितीतरी भीतिदायक आहे, पण ती सांगायला वीस मिनिटं लागतात.

महिन्याभराने मैत्रिणीचा फोन आला. पुनर्विकासाच्या एका बैठकीत कुणीतरी माझी स्लाइड छापून वाटली होती, कॉलेजच्या बोधचिन्हासकट. ती फार बोलली नाही. "माहीत नाही म्हणाली असतीस तरी चाललं असतं गं," एवढंच. मग मार्च आला आणि सगळं बंद झालं. माफी मागायची ती फोनवर मागितली. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं त्या सकाळी मी घाबरून तिला फोन केला, तर मामांनी होडी आदल्याच दिवशी वर ओढून ठेवली होती. माझ्या स्लाइडची वाट न बघता.

आता तुमच्या प्रश्नाकडे. १९०१ ते २०१८ या काळात जगाचा समुद्र सरासरी २० सेंटिमीटर चढला. २००६ ते २०१८ मध्ये वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. शतकाच्या शेवटापर्यंत, उत्सर्जन फारच कमी केलं तर २८ ते ५५ सेंटिमीटर, बेसुमार राहिलं तर ६३ सेंटिमीटर ते एक मीटर. मुंबईत पावसाळ्यातली मोठी भरती साडेचार मीटरच्या वर जाते, त्यापुढे हे किरकोळ वाटेल. पण आपली जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली, तेही ओहोटी असताना. नंतर ५० चं ठरलं, हाजीअली, ईर्ला, लव्हग्रोव्ह असे पंप बसले. भरतीला गटारांचं तोंड समुद्राखाली जातं. समुद्र थोडा चढला की ते तोंड लवकर बुडणार, उशिरा उघडं पडणार. आणि हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, म्हणजे पाऊस पडेल तो धो धो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला शंभरसुद्धा नाही. बुडणारी मुंबई कुठली, ह्याचं उत्तर त्या दिवशी पंचवीस किलोमीटरवर बदलत होतं.

बघा, एक वाक्य नाही झालं.

माझ्यातली वीस वर्षांची ती मुलगी मला अजून भांडते. म्हणते, तुझ्या मिलिमीटरांना किती लोक येतात? खरं आहे. गेल्या वर्षी दादरला अकरा आले, त्यात दोघे आयोजक. म्हणते, मी घाबरवलं म्हणून साठ माणसं बसली, म्हणून मामांना प्रश्न पडला, म्हणून तू निबंध वाचलास. ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी तिला छापलेल्या स्लाइडची आठवण करून देते, ती म्हणते, त्यांनी काहीही छापलं असतं. तेही खरं असेल.

परवा एका शाळेतल्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "ते निळं चित्र आणाल ना? त्याने मुलं शांत बसतात." मी आधी नाही म्हटलं, मग नेलं. रंग फिका केला होता, खाली "भरतीच्या वेळी" असं ठळक लिहिलं होतं. स्लाइड आली आणि सातवीचा अख्खा वर्ग एकदम गप्प झाला. खालची ओळ कुणी वाचली की नाही, माहीत नाही. मला मात्र फार बरं वाटलं, अगदी पहिल्यासारखं.