दहा दिवसांचं बिल

महाराष्ट्र एक्सप्रेस वर्ध्याला दुपारी धरली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवर उतरले. गाडी बदलली नाही, राज्य बदललं नाही, तरी जवळजवळ चोवीस तास. रात्री पुण्याच्या अलीकडे कधीतरी डोळा लागला. जाग आली तेव्हा साताऱ्याकडची थंडी खिडकीतून आत येत होती, आणि मिरज सोडल्यावर दोन्ही बाजूंना ऊस. कापसाच्या मुलखातल्या मुलीला फेब्रुवारीत एवढं हिरवं बघायची सवय नसते.

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या एम.ए.सारख्या पदवीच्या, दुसऱ्या वर्षाला ब्लॉक प्लेसमेंट असते, सलग काही दिवस प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी जायचं. मी सूक्ष्म वित्त, म्हणजे गरीब घरांची छोटी बचत आणि छोटी कर्जं, हा विषय घेतला आणि मुद्दाम कोल्हापूर मागितलं. घरचे म्हणाले, एवढ्या लांब काहून? कारण आमच्या घरातच होतं, पण ते नंतर सांगते.

मंगळवार पेठेत एका मावशींकडे खोली मिळाली. पहिल्या संध्याकाळी त्या म्हणाल्या, "मी बाजारातनं येतो, तू बस." मी वळून बघितलं, दुसरं कोणी बोलतंय का म्हणून. इथल्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच म्हणतात, हे ऐकून माहीत होतं. प्रत्यक्ष कानावर पडलं तेव्हा मला ते फार आवडलं. मग त्या मला गंगावेशीत घेऊन गेल्या. तिथे म्हशी उभ्या असतात, समोर धार काढतात आणि फेसाळलेलं दूध तसंच ग्लासात देतात. मी एक ग्लास कसाबसा संपवला, मावशींनी दोन. या शहरात दूध हा नुसता खाण्यापिण्याचा विषय नाही, हे पुढच्या तीन दिवसांत कळायचं होतं.

तिसऱ्या दिवशी पहिली बैठक. शिवाजी पूल ओलांडून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलं की आत एक गाव आहे. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. गटाच्या सचिव ताईंच्या घराच्या भिंतीवर माझ्या खांद्याच्या वर एक मळकट रेघ होती. 2019 च्या पुराचं पाणी तिथपर्यंत आलं होतं. 2021 ला परत आलं. रेघ पुसायची नाही असं त्यांनी ठरवलंय.

बारा बायकांचा बचत गट. महिन्याला प्रत्येकी दोनशे रुपये, म्हणजे दोन हजार चारशे. सतरंजी, मधोमध पत्र्याची पेटी आणि वह्या. पुस्तकात पंचसूत्री पाठ केली होती: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, हिशेब लिहिणं. इथे ती कोणी म्हणून दाखवली नाही, सगळं हातासरशी चाललं होतं. नाबार्ड या शेती आणि ग्रामविकासाच्या बँकेने 1992 साली पाचशे गट बँकांशी जोडायचा प्रयोग सुरू केला, त्यातून ही पद्धत देशभर गेली. परीक्षेत मी यावर चार पानं लिहिली आहेत. पण पेटीची किल्ली एकीकडे, पेटी दुसरीकडे आणि वही तिसरीकडे ठेवायची, एवढी साधी सोय त्या चार पानांत कुठेच नव्हती.

मी विचारलं, व्याज किती? "शेकडा दोन." म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. माझा चेहरा बघून सचिव ताईंनी वही पुढे सरकवली. "धा हजार घेतलं, म्हैन्याला हजार फेडलं. पयल्या म्हैन्याला व्याज दोनशे, दुसऱ्याला एकशे ऐंशी, मग एकशे साठ. शेवटाला वीस. समदं किती झालं?" मी मोबाइल काढेपर्यंत त्याच म्हणाल्या, "अकराशे. आन् जो मुद्दल उतरला तरी दोनशेच घेतो, त्याचं?" दोन हजार. दर तोच दिसतो आणि व्याज जवळजवळ दुप्पट होतं. शिवाय इथलं व्याज याच पेटीत पडतं आणि शेवटी याच बारा जणींचं असतं. शेकडा दोन स्वस्त आहे असं मी म्हणणार नाही. पण दर सांगताना उतरता की सरसकट हे जो सांगत नाही, त्याच्याकडून कर्ज घेऊ नये, एवढं मी आता ठामपणे म्हणेन.

खरी गोष्ट पुढे झाली. एका काकूंची म्हैस गाभण, आटलेली. व्यायला अजून दोन महिने. त्यांच्यावर गटाचं वीस हजारांचं कर्ज. मला वाटलं, आता कुरबुर होणार. अध्यक्ष अक्का एवढंच म्हणाल्या, "तिची म्हस भाकड हाय. व्येऊस्तवर नुसतं व्याज घ्यायचं." बाकीच्यांनी माना हलवल्या, सचिव ताईंनी ठराव लिहिला आणि चहा आला.

मी विचारलं, एरवी हप्ता कोणत्या तारखेला? तेव्हा कळलं की इथला पैसा महिन्याने चालत नाही. दूध सकाळ-संध्याकाळ संस्थेत घालायचं, फॅट लागेल तसा दर, आणि दर दहा दिवसांनी बिल. पेंडीचे पैसे त्यातूनच कापून घेतात. दिवाळीच्या आधी दुधाचा फरक, म्हणजे वर्षभर घातलेल्या दुधावरची वाढीव रक्कम, येतो, तो वेगळा. उसाचं बिल मात्र वर्षाकाठी. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आहे. तरी घर चालतं ते दुधावर. म्हणून गटाची बैठक बिल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. "हप्ता म्हशीला इचारून ठरवायचा," अक्का म्हणाल्या.

मी तिथे गप्प झाले, कारण मला आमचा मंगळवार आठवला.

मी अकरावीत असताना आईने एका कंपनीकडून गटकर्ज घेतलं होतं. पाच बायका, एकमेकींना जामीन, दर मंगळवारी सकाळी हप्ता. आमचं कापसाचं घर. पैसा यायचा वेचणीनंतर, दोन-तीन खेपांत, आणि मंगळवार यायचा बावन्न वेळा. एका पावसाळ्यात हप्त्याचे पैसे नव्हते. वसुलीवाला अंगणात बसून राहिला आणि बाकीच्या चौघी बायकाही. त्यांना घरी जाता येत नव्हतं. त्या आईच्या मैत्रिणी होत्या. आईने कानातलं गहाण ठेवलं. त्यानंतर त्यांतली एक आमच्याकडे कधी आली नाही. आईने सगळं कर्ज फेडलं, एकही मंगळवार चुकू दिला नाही. तरी मला ते परतफेडीचं यश म्हणवत नाही.

आठवड्याचा हप्ता आला कुठून हे मी नंतर वाचलं. अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी 1976 मध्ये बांगलादेशात चितगावजवळच्या जोब्रा गावात 42 जणांना मिळून 856 टका, तेव्हाचे 27 डॉलर, दिले. त्यांतली एक बाई बांबूची स्टुलं विणायची. रोज विकलं तर रोज थोडं हातात. अशा घराला आठवड्याचा छोटा हप्ता सोपा जातो. 1983 मध्ये ग्रामीण बँक उभी राहिली, 2006 मध्ये युनूस आणि बँक दोघांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला, आणि ती पद्धत जगभर गेली. माझं म्हणणं असं, की हप्ता गेला आणि स्टूल मागे राहिलं. तो हप्ता ज्या कमाईच्या मापाने शिवला होता, ती कमाई कपाशीत नाही.

रिझर्व्ह बँकेचे 1 एप्रिल 2022 पासूनचे नियम इथे उपयोगाचे आहेत. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेलं विनातारण कर्ज ते सूक्ष्म कर्ज. आणि सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त जाता कामा नयेत. हप्ता किती दिवसांनी घ्यायचा हे कर्जदाराच्या गरजेप्रमाणे ठरवण्याची सोय ठेवावी, असंही त्यात आहे. बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा काकू म्हणाल्या, "मग आमी काय येगळं करतोय?"

निघताना अक्कांनी भाकरी, पिठलं आणि डबाभर दही हातात दिलं. पुलावर आले तेव्हा दिवस मावळला होता, घाटाकडून पंचगंगा काळी दिसत होती.

रात्री आईला फोन केला. वहीच्या शेवटच्या पानावर बारा महिने लिहिले आणि विचारलं, आपल्या घरात कोणत्या महिन्यात पैसा येतो ते सांग. ती सांगत गेली. दिवाळीनंतर पहिली वेचणी. मग दुसरी. तूर निघाली की थोडे. मग थांबली.

"आणि उन्हाळ्यात?"

"उन्हायात कुठचा पैसा वो बाई."

जून, जुलै, ऑगस्टसमोर तिने काहीच सांगितलं नाही. मी तिथे रेघा मारल्या. हे पान उद्या सचिव ताईंना दाखवायचं आहे. त्यांनी बघायला मागितलंय. त्याआधी सकाळी सहाला दूध संस्थेत, फॅट कशी लावतात ते शिकायला.