पिकअप घाटाला बसवताना: पाटे, शॉकअप, टायर आणि ब्रेक

साखरप्याहून आंबा घाट चढताना रिकाम्या पिकअपचा मागचा भाग खराब डांबरावर उडतो आणि वळणात बाहेर सरकतो. मे महिन्यात त्याच गाडीत आंब्याच्या तीसेक पेट्या भरल्या की ती रस्त्याला चिकटून चालते. कारण उघड आहे: मागचे पाटे (एकावर एक रचलेल्या स्प्रिंगच्या पट्ट्या) भरलेल्या हौद्यासाठी बांधलेले असतात, रिकाम्या हौद्याखाली ते जवळजवळ दबतच नाहीत. हे काम मी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉसच्या 2.5 लिटर, 320 न्यूटन मीटर टॉर्कच्या गाडीवर केलं. पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर आणि खाली एकेक आर्म) आणि मागे पाटे असलेल्या कुठल्याही पिकअपला क्रम हाच ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे: टायर, मागचे पाटे, शॉकअप, पुढची बाजू, ब्रेक, आणि इंजिनाला हात सगळ्यात शेवटी. घाटात वेळ वळणात आणि ब्रेकवर जातो, चढावर नाही.

काही विकत घेण्याआधी गाडी वजनकाट्यावर नेली. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी. वजाबाकीतून मागच्या अ‍ॅक्सलचं वजन निघतं. माझ्या गाडीचं एकूण वजन 1900 किलोच्या आसपास भरलं, त्यात पुढे 1120 आणि मागे 780. मग नेहमीचा माल भरून पुन्हा वजन केलं. पेटी 18 ते 20 किलोची धरली तर तीस पेट्यांचे साडेपाचशे ते सहाशे किलो होतात आणि ते बहुतेक सगळं मागच्या अ‍ॅक्सलवर येतं. हे दोन आकडे हातात नसतील तर पाट्यांचं दुकान अंदाजाने माल देतं. चारही चाकांजवळ चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंचीही टेपने मोजून लिहून ठेवली. जमिनीपासून मोजू नये, टायर बदलला की तो आकडा निरुपयोगी होतो.

टायरचा कंपनीचा माप 245/70 आर16, व्यास सुमारे 749 मिलिमीटर. अनेक जण 265/70 घालतात. तो 777 मिलिमीटरचा, म्हणजे जवळपास पावणेचार टक्के मोठा. स्पीडोमीटर 80 दाखवतो तेव्हा गाडी 83 ने चाललेली असते, प्रत्येक गिअर तेवढाच लांब होतो, आणि चाकाचं वाढलेलं वजन खड्ड्यात शॉकअपला सांभाळावं लागतं. मी मूळ मापच ठेवलं, फक्त पावसात पकड चांगली असणारा रोडचा टायर निवडला. मोठ्या ठोकळ्यांचा चिखलाचा टायर ओल्या डांबरावर कमी रबर टेकवतो, आणि आपल्याकडे चार महिने डांबर ओलंच असतं. कायद्याने टायरच्या खाचांची 1.6 मिलिमीटर खोली चालते, पण कोकणच्या पावसात 3 मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर पाणी नीट बाहेर फेकत नाही. घेताना टायरच्या बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे पाहा: पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष.

हवेचा दाब खडूने ठरवता येतो. टायरवर आडवी जाड रेघ मारायची, सरळ रस्त्यावर थोडं अंतर चालवायचं. रेघ मधेच पुसली तर हवा जास्त, कडांना पुसली तर कमी. रिकाम्या गाडीला पुढे 32 आणि मागे 28 पीएसआयवर रेघ सारखी पुसली गेली. माल भरला की मागे दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा भरायचाच. 28 वर भरलेली गाडी चालवली तर टायरची बाजू तापते आणि फुटते.

आता मागचे पाटे. खरा फरक इथे पडतो. पाटे एकमेकांवर घासतात, आणि समुद्राकडच्या खाऱ्या हवेत त्यांच्यामध्ये गंज धरला की ते एकसंध लोखंडासारखे वागतात: लहान खड्ड्याला दबतच नाहीत, सगळा धक्का चेसीला (गाडीच्या सांगाड्याला) देतात. म्हणून आधी पूर्ण संच उतरवून प्रत्येक पाटा वेगळा केला, तारेच्या ब्रशने घासला, टोकांखालचे झिजलेले प्लास्टिकचे पॅड बदलले. निम्मी कडक चाल एवढ्यानेच गेली. एक पाटा काढून टाकायचा सल्ला हमखास मिळतो. गाडी माल वाहणार असेल तर तो ऐकू नये. मेन पाट्यावर ताण वाढतो आणि तो डोळ्याजवळ (टोकाच्या गोल कडीजवळ) किंवा सेंटर बोल्टच्या भोकाशी तुटतो. जुन्या पाट्याला ठोकून नवी कमान देणंही टाळलं. कडक करण्याची उष्णतेची प्रक्रिया पुन्हा होत नसल्याने ती कमान लवकरच बसते. मी टप्प्याटप्प्याने कडक होणारा संच बसवला: वरचे लांब पाटे पातळ, खालचा हेल्पर जाड आणि माल आल्यावरच टेकणारा. उंची 40 मिलिमीटरपेक्षा वाढू दिली नाही. त्यापुढे दोन तुकड्यांच्या प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडतो आणि गाडी सुटताना 20 ते 40 च्या वेगात खालून थरथर येते. आलीच, तर शाफ्टला मधे धरणारं सेंटर बेअरिंग योग्य जाडीच्या पट्टीने खाली घ्यावं लागतं.

बसवताना दोन गोष्टी गॅरेजमध्ये उभं राहून करून घ्या. पाटे घट्ट बांधून ठेवणारे यू-बोल्ट नवेच हवेत, जुने एकदा ताणले गेलेले असतात. ते तिरकस क्रमाने, टप्प्यांत, मॅन्युअलच्या आकड्याला टॉर्क पान्याने आवळायचे. आणि शॅकलचे (पाट्याचं टोक चेसीला जोडणाऱ्या हलत्या कडीचे) तसंच मेन पाट्याच्या डोळ्याचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना अंतिम आवळायचे नाहीत. रबरी बुश ज्या स्थितीत आवळला जातो तिथेच पकडला जातो. लटकत्या गाडीत आवळला तर चाकावर वजन येताच तो पिळला जातो, गाडी उंच बसते आणि बुश काही महिन्यांत फाटतो. चाकं जमिनीवर, गाडी दोनदा हलवलेली, मगच शेवटचा टॉर्क.

शॉकअप नव्या उंचीला पुरतील एवढ्या लांबीचे घेतले. आखूड राहिले तर खड्ड्यात चाक खाली जाताना शॉकअप संपतो आणि ठण्ण असा आवाज येतो. दाबलेल्या गॅसचे मोनोट्यूब (एकाच नळीचे) शॉकअप मला पटले, कारण खडबडीत रस्त्यावर सतत चालल्यावर साध्या शॉकअपच्या तेलात फेस होतो आणि तो ढिला पडतो. जुने शॉकअप तपासायला बोनेट दाबून काही कळत नाही. आरे-वारेसारख्या चढउताराच्या वळणी रस्त्यावर चालवून आल्यावर हात लावून पाहा. काम करणारा शॉकअप कोमट असतो, मेलेला थंड.

पुढे गाडी 30 मिलिमीटर उंच करणाऱ्या कॉइल (गोल स्प्रिंग) घातल्या, कॉइलवर ठेवायचे स्पेसर घेतले नाहीत. स्पेसरने चाक खाली लटकलं की वरच्या आर्मचा बॉल जॉइंट आणि 4 बाय 4 चा सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकाला ताकद देणारा सांधा) दोन्ही टोकाच्या कोनात जाऊ शकतात. कॉइल काढताना ती दाबून धरणारा कंप्रेसर चांगल्या प्रतीचा हवा, सुटलेली कॉइल जीव घेऊ शकते. खालच्या आर्मचे कॅम बोल्ट (अलाइनमेंट जुळवायचे बोल्ट) बुशच्या नळीत गंजून अडकलेले निघतात, किनारपट्टीवर तर हमखास. दोन दिवस आधीपासून गंजतेल मारत राहावं, रबराशेजारी गॅसची ज्योत नेऊ नये, आणि तरीही न सुटल्यास बोल्ट कापायची तयारी ठेवून नवे बोल्ट-बुश आधीच आणून ठेवावेत. नव्यांना अँटी-सीझ ग्रीस लावलं. इथे स्टेनलेसचे बोल्ट वापरू नयेत, ताकद कमी पडते.

उंची वाढली की कॅस्टर (बाजूने पाहता स्टेअरिंगच्या अक्षाचा मागे कललेला कोन) कमी होतो आणि गाडी सरळ रस्त्यावर भरकटते, वळणानंतर स्टेअरिंग परत येत नाही. म्हणून अलाइनमेंटवाल्याला फक्त टो (वरून पाहता चाकांची तोंडं किती आत-बाहेर) नको, तिन्ही आकडे मागितले: कॅस्टर मर्यादेच्या वरच्या टोकाला आणि दोन्ही बाजूंना सारखा, कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा झोक) शून्य किंवा किंचित आत, टो-इन एकूण 1 ते 2 मिलिमीटर. मागे अँटीरोल बार (झोक कमी करायला दोन्ही चाकांना जोडणारी दांडी) लावला नाही. कोरड्यात झोक कमी होतो खरा, पण ओल्या वळणात आधीच हलकं मागचं चाक लवकर सुटतं.

ब्रेकमध्ये डॉट 4 दर्जाचं ऑइल, आणि तेही दर वर्षी बदलायचं. ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असतो. ओलावा शोषल्यावरची किमान मर्यादा फक्त 155 अंश आहे, आणि दमट हवेत तिकडे लवकर घसरण होते. उतारावर पेडल मऊ होण्याचं हे एक कारण. कॅलिपरच्या पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस, मागचे ड्रम दोन्हीकडे सारखे अ‍ॅडजस्ट. नवे पॅड 50 वरून 10 पर्यंत वीसेक वेळा, मधे थंड होऊ देत, बसवून घेतले. ज्या पिकअपमध्ये मागच्या ब्रेकला वजन ओळखणारा व्हॉल्व्ह असतो, तिथे पाटे उंच झाले की व्हॉल्व्हला गाडी रिकामीच वाटते आणि भरलेल्या गाडीचा मागचा ब्रेक कमी लागतो. त्याची दांडी नव्या उंचीप्रमाणे जुळवणं अनेक ठिकाणी राहून जातं.

इंजिनाचा मॅप (कॉम्प्युटरमधली सेटिंग) बदलला नाही. इंटरकूलरमध्ये (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीत) अडकलेली लाल धूळ धुतली, नळ्यांची गळती तपासली, एअर फिल्टर बदलला, आणि गाडी पूर्वीसारखी ओढू लागली. पेडलवर लावायचा बॉक्स ताकद वाढवत नाही, फक्त पेडल तीक्ष्ण करतो. ओल्या वळणात ते नकोच. शिवाय मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरसीतला तपशील बदलेल असा फेरफार चालत नाही, आणि कलम 182अ खाली दर फेरफारामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघातानंतर विमा कंपनीही हेच विचारते.

चेसीची पाणी जायची भोकं लाल मातीने बुजतात, ती तारेने मोकळी करून आत मेण फवारलं. गंजावर थेट रबरी कोटिंग मारलं तर ओल आतच राहते. जून लागला की रिकाम्या हौद्यात 80 ते 100 किलो वाळूच्या गोण्या ठेवतो, बरोबर अ‍ॅक्सलवर, फाळक्याकडे नाही, आणि दोरीने घट्ट बांधून. यू-बोल्ट 500 किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्कला तपासले, चारही उंच्या पुन्हा मोजल्या. नवे पाटे 5 ते 10 मिलिमीटर बसतात. शेवटचं अलाइनमेंट ते बसल्यावरच करून घ्यावं.